नवव्याचा नंबर

साहेबानं सहाव्या पत्त्यावर बोट ठेवलं. "हा," तो म्हणाला.

पाटणकर समजूतदारपणे हसले आणि त्यांनी पहिल्या पत्त्यावर बोट ठेवलं. नवा डाव आहे, तेव्हा पहिल्यापासून सुरुवात, असं त्यांनी आपल्या पुणेरी इंग्रजीत सांगितलं. साहेबानं लिंबाच्या सरबताचा घोट घेतला, पाटणकरांचं बोट अलगद उचलून बाजूला ठेवलं, आणि आपलं पुन्हा सहाव्यावर नेलं. "हा."

क्लबच्या व्हरांड्यात वाळ्याचे पडदे सोडले होते आणि नुकतंच त्यांच्यावर पाणी मारलं होतं. आत येणारा उजेड तळ्याच्या तळाशी असावा तसा हिरवट होता. बाहेर मे महिना पेटला होता. आमच्या कागदगिरणीचं मोठं मशीन बंद पडलं होतं. ते दुरुस्त करायलाच हा साहेब कॅनडाहून आला होता. एरवी मशीनची घरघर सवयीनं आम्हाला ऐकूसुद्धा येत नसे. आता ती नव्हती, तर सगळ्या कॉलनीला कुणीतरी थोपटत असल्यासारखी अवेळी झोप येत होती. गेस्ट हाउसचा कूलर बिघडला म्हणून साहेब क्लबात येऊन बसला आणि समोर बेसबॉल पाहून खुर्चीत सरळ झाला.

बेसबॉल म्हणजे टेबलावरचा. खरा आमच्यातल्या कुणी बापजन्मात पाहिला नव्हता. मशीन बसवायला पूर्वी आलेले इंजिनियर जाताना एक खोकं मागे ठेवून गेले. त्यातले खेळाडूंचे पत्ते वाळवीनं खाल्ले, नियमांची बरीचशी पानंही खाल्ली. फासे तेवढे उरले. लॅबमधले केमिस्ट पाटणकर, त्यांना रिकामं खोकं बघवेना. त्यांनी गिरणीच्याच जाड कागदाचे नवे पत्ते कापले, ज्यानं त्यानं आपापले नऊ खेळाडू कल्पनेनं घडवले, आणि लीग सुरू झाली. स्टीलच्या पेल्यात दोन फासे खुळखुळवून टाकायचे, पडलेला आकडा खेळाडूच्या पत्त्यावर शोधायचा, तिथं जे लिहिलंय ते घडलं समजायचं. तीन बाद झाले की डाव संपला. बाद न होता जो सुटला तो पहिल्या थांब्यावर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि तिथून घरी. एसटीचेच शब्द आम्ही त्याला लावले होते. धाव निघाली असं आमच्यात कुणी म्हणत नसे. 'घरी आला' म्हणत.

वाळवीनं खाल्लेल्या नियमांची भोकं पाटणकरांनी क्रिकेटनं बुजवली होती. क्रिकेटमध्ये दुसरा डाव पुन्हा सलामीच्या जोडीनंच सुरू होतो. आमचाही व्हायचा.

साहेबानं सावकाश समजावलं. मागच्या डावात शेवटी जो बाद झाला, त्याच्या पुढचा आता येणार. जिथं थांबलात तिथून पुढं. नऊ संपले की पुन्हा पहिला. असा क्रम फिरत राहतो, म्हणाला, आणि बोटानं टेबलावर एक वर्तुळ काढलं. पाण्याच्या ग्लासाखालचा ओलावा त्याच्या बोटाला लागला होता, त्यामुळं ते वर्तुळ क्षणभर दिसलंसुद्धा.

"म्हणजे आपण इतकी वर्षं काय खेळून राहिलो होतो?" कॅन्टीनच्या मुत्तेमवारांनी विचारलं.

पाटणकरांनी चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

मी तेव्हा गिरणीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कॉलनी मला हॅलोताई म्हणायची, पन्नाशीतली माणसंसुद्धा. लीगमध्ये मी एकटीच बाई, आणि माझा संघ 'एक्स्चेंज' नेहमी वरच्या अंगाला असायचा, याचं कारण साधं होतं. आपला क्रम लावताना पुरुषमाणसं स्वतःचा स्वभाव लावतात. पाटणकर लावायचे गुणवत्ता यादीसारखा, हुशार वर, ढ खाली. मुत्तेमवार पहिल्या नंबरावर असा गडी ठेवायचे ज्याचं आडनाव त्या साली जनरल मॅनेजरचं असेल. मी फोनवरून शिकले होते. जो पटकन उचलतो तो आधी. पहिल्या थांब्यावर वारंवार पोचणारे वर ठेवायचे आणि त्यांच्या मागं दणका देऊन सगळ्यांना घरी आणणारा एक दांडगट. जुन्या नियमात वरचे पाच-सहा सांभाळले की झालं. खालच्यांचा नंबर कधी येतच नसे. लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत जे नातेवाईक असतात, ते आमचे सातवे, आठवे आणि नववे.

पण एक नववा सगळ्यांना ठाऊक होता. ट्रेनिंग सेक्शनच्या वासेकर काकांच्या 'पल्प' संघाचा. त्याच्या पत्त्यावर नाव होतं उल्हास. बाकी पत्ते बोटांनी काळे पडले होते, हा पहिल्या दिवसासारखा पांढरा. लीग सुरू झाल्यापासून उल्हाससाठी एकदाही फासे पडले नव्हते.

उल्हास हा वासेकरांचा मुलगा. खरा. भिलाईला कुठल्याशा वर्कशॉपात होता आणि मी नोकरीला लागले त्याच्या आधीपासून घरी आलेला नव्हता. का, ते कुणी सांगत नसे. एकदा पत्ते गोळा करताना मी आपली सहज विचारून बसले, "काका, उल्हासचा पत्ता कुठंय?" आणि टेबलाभोवती सगळे एकदम पाणी प्यायला लागले. वासेकरांनी खिशातून तो पांढरा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. "एवढाच आहे," म्हणाले.

त्या दुपारी साहेबाचं वर्तुळ टेबलावर वाळत आलं. तेव्हा काका म्हणाले, "आपण आपल्या पद्धतीनं खेळतो. काय बिघडलं त्यात?"

चूक कळल्यावर चूकच खेळायची, हे तत्त्वतः बरोबर नाही, असं पाटणकर म्हणाले. पुढच्या रविवारी अंतिम सामना, पाटणकरांची 'लॅब' आणि काकांची 'पल्प'. तो योग्य नियमानं व्हावा असं ठरलं. काकांनी हात वर केला नाही. सगळ्यांचे हात वर असताना त्यांचा नाही, हेसुद्धा कुणाला मोजावं लागलं नाही.

आठवड्याच्या मधल्या एका दुपारी ते एक्स्चेंजमध्ये आले. मशीन अजून बंदच होतं. बोर्डावर एकही दिवा लागत नव्हता, प्लगच्या दोऱ्या वेलीसारख्या लोंबत होत्या, पंखा फिरत होता की मला तसं वाटत होतं सांगता येत नाही. काकांनी शर्टाच्या खिशातून नऊ पत्ते काढले.

"हॅलोताई, एक क्रम लावून दे."

"जिंकायचा?"

"नाही. उल्हासचं येणं जितकं लांबवता येईल तितकं लांबव."

मी पत्ते बोर्डाच्या कडेवर मांडले. नव्या नियमात नववा येणारच, लवकर किंवा उशिरा, हे मी त्यांना दाखवलं. चुकवायचंच असेल तर त्याला बसवा बाहेर, घ्या दुसरा कुणी.

"संघातून काढू?" ते म्हणाले. उल्हासचा पत्ता त्यांनी कडेवरून उचलला आणि पुन्हा तिथंच ठेवला. "काढलं असं होईल ते."

"काढायचं नाही, खेळवायचंही नाही. मग काय करायचं काय, काका?"

"तो बाद होऊ नये. बाकी मले काही नको."

"पण तो आलाच नाही तर घरी कसा येणार?"

मी खेळातलंच बोलले होते. खोलीत मात्र ते तसं पडलं नाही. काका बोर्डावरच्या न पेटलेल्या दिव्यांकडं बघत राहिले. मग मला उगीच काहीतरी बोलावंसं वाटलं म्हणून मी म्हटलं, आता नववा म्हणजे शेवटचा असं समजू नका. आता क्रम फिरतो. नववा म्हणजे पहिल्याच्या आधीचा.

"पहिल्याच्या आधीचा," ते म्हणाले. चव घेतल्यासारखं.

मी त्यांनी मागितलेला क्रम लावला नाही. मला तो लावता आला असता. वर तीन कच्चे गडी ठेवायचे, म्हणजे डाव झटपट संपतात आणि नवव्याची पाळी रखडते. मी जिंकायचा लावला. तुरुतुरु पळणारा नथ्थू वर, त्याच्यामागं सावध सखाराम, चौथा दांडगा भय्यालाल, आणि पुढं अगदी आठव्यापर्यंत कुणीही फुकट जाणार नाही असा. काका ट्रेनिंगवाले, आयुष्यभर माणसं क्रमानं लावत आलेले. त्यांना तो क्रम वाचता आला नाही असं मी मानत नाही. त्यांनी पत्ते त्याच क्रमानं उचलले आणि खिशात घातले.

दारात थबकून एवढंच विचारलं, "मशीन कधी सुरू होईल म्हणतात?"

 

रविवारी व्हरांड्यात नेहमीपेक्षा गर्दी होती. मशीन बंद, करायला काही नाही, म्हणून माणसं आली होती, नसलेला सामना बघायला. वासेकर काकूही आल्या. त्या क्लबात कधी येत नसत. सोबत कैरीचं पन्हं होतं, पण पन्हं पाठवताही आलं असतं. पडद्याजवळच्या पायरीवर त्या बसल्या. मला पाहून त्यांनी भुवई किंचित उचलली. आमचं एक गुपित होतं. काका ड्युटीवर असले की काकू अधूनमधून एक्स्चेंजच्या मागच्या दारानं यायच्या आणि मी त्यांना भिलाईचा पीपी नंबर लावून द्यायची, उल्हासच्या शेजारच्या पिठाच्या गिरणीचा. ते बोलणं मला पाठ होतं. जेवलास का, काय जेवलास, बरं. काकांना यातलं काही कळत नाही, अशी काकूंची खात्री होती.

'पल्प'चा डाव पहिला. काकांनी पेला हलवला.

आता सांगितलं तर हसाल, पण आम्हाला ते दिसायचं. फासे टेबलावर लोळायचे आणि पडद्यापलीकडं, बांबूच्या गंजींमधल्या मोकळ्या मैदानात, पांढऱ्या कपड्यातला नथ्थू पळत सुटायचा. ऊन इतकं होतं की जमीन थरथरायची, त्यामुळं त्याचे पाय जमिनीला लागतायत की नाही समजत नसे. पहिल्या थांब्यावर तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. सखारामनं त्याला पुढं ढकललं. भय्यालालनं मारलेला चेंडू बांबूंवरून, नदीवरून, पार पलीकडच्या जंगलात गेला आणि कुणी तो आणायला गेलं नाही. घरी आला, घरी आला, मुत्तेमवार डोळे मिटून म्हणत होते, भजनाला साथ द्यावी तसं. एक बाद झाला, दोघे सुटले, आणखी एक बाद झाला. क्रम काम करत होता. मला आतून गुदगुल्या होत होत्या. मग आठव्याचे फासे पडले आणि आठवा बाद झाला. तीन बाद, डाव संपला.

पाटणकरांच्या 'लॅब'नं आपला डाव फार न रेंगाळता संपवला. त्यांच्या यादीतले हुशार एकामागून एक नापास झाले.

पुन्हा 'पल्प'. काकांचं बोट सवयीनं नथ्थूवर गेलं, तिथं थांबलं. मग हळूहळू, प्रत्येक पत्त्याला शिवत, खाली सरकत गेलं, आठव्यावरून पुढं, त्या पांढऱ्या पत्त्यावर.

त्यांनी फासे पेल्यात टाकले. पेला हातात धरला. तो वाजेना.

कुणी घाई केली नाही. पाटणकरांनीही नाही. ओल्या वाळ्याचा वास येत होता, आणि कुठंतरी एक कोकीळ एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होता. 

"त्या साली असंच करायचं होतं," काकू म्हणाल्या.

त्या पायरीवरच होत्या, आवाजही चढवलेला नव्हता. "आठ घेतले तुम्ही. नववा हा होता. पुढच्या साली याच्यापासून सुरुवात करायची होती."

"नव्या सालची यादी नवी असते, कमल."

"हो. तुम्हीच केली. अन् पुन्हा याले नववाच ठेवलं."

मुत्तेमवारांनी मान खाली घातली, तेव्हा मला कळलं की हे इथल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं. मला तिथंच, तुकड्यातुकड्यानं, कळलं. गिरणीत शिकाऊ पोरं घ्यायची असत तेव्हा त्यांचा क्रम वासेकर लावायचे. आठ जागा होत्या. आपल्या पोराला त्यांनी जाणूनबुजून आठाच्या खाली बसवलं, कुणी वशिला म्हणू नये म्हणून. पुढच्या वर्षी तुझं बघू, असं त्याला सांगितलं. पुढच्या वर्षी नवी पोरं आली, क्रम पुन्हा पहिल्यापासून लागला, आणि उल्हास पुन्हा खाली. तिसऱ्या वर्षी क्रमात घालायला तो गावात उरला नव्हता. वडिलांनी त्याला कधी फोन केला नाही. घरी ये म्हणायला केला असता आणि त्यानं नाही म्हटलं असतं तर?

"लोक म्हणाले असते," काका पेल्याकडं बघत म्हणाले, "वासेकरानं पोराले आत घुसवलं."

"लोक काहीच नाही म्हणाले, जी," काकू म्हणाल्या. "लोकांले त्याचं नावही आठवत नाही आता. ह्या पत्त्यावर वाचतात, तेवढंच."

  काका उठले, पायरीपर्यंत गेले आणि पेला काकूंच्या ओंजळीत ठेवला.

"तू टाक."

"अन् तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "हॅलोताई, भिलाई लागते का आता?"

रविवारी लाइन मोकळी असते, मी म्हटलं.

"काका, डाव चालू आहे," पाटणकर म्हणाले. "संघनायकानं मधेच जागा सोडायची म्हणजे तत्त्वतः..."

"पाटणकर," मुत्तेमवार म्हणाले, "पन्हं प्या तुम्ही."

व्हरांडा ते एक्स्चेंज म्हणजे मधलं एक अंगण, पण त्या उन्हात ते संपता संपेना. काका पुढं, मी मागं. डोक्यावर टोपी नाही, रुमाल नाही. आत आल्यावर डोळ्यांपुढं अंधार झाला, मग बोर्ड दिसला. त्या वर्षीच आमच्याकडं एसटीडी, म्हणजे परगावचा नंबर थेट फिरवायची सोय, आली होती. काकांना मी काचेपलीकडच्या फोनशी उभं केलं, माझ्या जागी बसले, हेडफोन चढवला.

"नंबर सांगा," मी म्हटलं. मला तोंडपाठ होता, पण काकूंचं गुपित मी का फोडू?

काकांनी नंबर सांगितला. एसटीडी कोडसकट, न अडखळता, कागद न बघता. मी त्यांच्याकडं पाहतच राहिले. त्यांनी नजर वळवली.

मी फिरवला. लाइनमध्ये आधी नदीसारखा आवाज आला, मग पट्टा फिरल्याचा, मग पिठाच्या गिरणीवाली. रुकिए, बुलाती हूँ, असं म्हणून तिनं रिसीव्हर कशावर तरी ठेवला, बहुतेक पोत्यावर, कारण सगळं एकदम मऊ झालं. त्या मऊपणातून लांबवर तिची हाक ऐकू आली. उल्हास भैया. मग पुन्हा नुसती गिरणी.

इकडं अंगणापलीकडं स्टीलच्या पेल्यात फासे वाजले. काय पडलं ते मला नंतर कळलं. उल्हास सुटला होता. पहिल्या थांब्यावर गेला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तिथून पुढं काय झालं याबद्दल मुत्तेमवार आणि पाटणकर मरेपर्यंत एकमेकांना खोटं पाडत राहिले. सामना 'लॅब'नं जिंकला हे मात्र पाटणकरांना पक्कं आठवायचं.

काका काचेपलीकडं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभे होते. वरचं बटण त्यांनी लावून घेतलं. मग केसांवरून हात फिरवला. तिकडं चपलांचा आवाज जवळ आला, कुणीतरी धापा टाकत रिसीव्हर उचलला, आणि एक पोरगेला, पीठ उडालेला आवाज म्हणाला, "आई?"

मी प्लग काकांच्या लाइनला लावला. त्यांनी काचेतून मला विचारलं, "नंबर लागला?"

"लागला, काका," मी म्हटलं. "बोला."

आणि हेडफोन काढून ठेवला. माझ्या सगळ्या नोकरीत मुद्दाम न ऐकलेलं ते एकच बोलणं.